समुद्राआधी तलावावर: तैलरंगाबद्दल विचारायचं होतं

प्रश्न: मी नवेगाव बांधजवळच्या गावात राहतो. दिवाळीनंतर गुहागरला जाऊन किनाऱ्यावरच बसून तैलरंगात समुद्र रंगवायचा आहे. तोवर तलावावर सराव करतो. पाणी रंगवेपर्यंत उजेड बदलतो, काय करावं? आणि इथं घाण्याचं जवस तेल मिळते, ते चालेल का जी?

उत्तर (यवतमाळकडून): भाऊ, घाण्याचं तेल खायला बेस, चित्राला नाही. त्यात चिकट गाळ राहतो, रंग पिवळा पडतो. चित्रकलेसाठी शुद्ध केलेलंच घ्या. खालचा थर टर्पेंटाइननं पातळ, तेल वरच्या थरात. उलट केलं तर रंग तडकतो. आणि एक गोष्ट कळकळीनं सांगतो: तेलाची फडकी बोळा करून ठेवू नका. जवस तेल वाळताना तापतं, बोळा आपोआप पेटू शकतो. आमच्या घरात कापूस असतो, म्हणून मी फडकी अंगणात तारेवर पसरतो.

उत्तर (रत्नागिरीहून): लहान बोर्ड घ्या, ८ बाय १० इंचांचा. सावल्या आधी मांडा, मग बदलू नका. दीड-दोन तासांत थांबा. तलावावर दुसऱ्या दिवशी त्याच वेळी बसता येतं; समुद्रावर भरती रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येते, म्हणून पाण्याची कड पहिल्याच दिवशी पक्की करा. ओल्या वाळूत आभाळाचाच रंग येतो, तो चुकवू नका.

प्रश्नकर्ता: आभारी आहो. जांभ्याच्या खडकाला कोणता लाल?

उत्तर (रत्नागिरीहून): बर्न्ट सिएना, म्हणजे तांबूस तपकिरी. ओल्या भागात थोडा अल्ट्रामरीन, म्हणजे गडद निळा, मिसळा.