आयर्नच्या गोळीने वैताग आणलाय, सोडून देऊ का?

पहिलटकरीण_22
22वा आठवडा चालू आहे. मागच्या आठवड्यात एचबी (हिमोग्लोबिन) 9.6 आलं, आधी 10.4 होतं, म्हणून डॉक्टरांनी आयर्नची गोळी एकाच्या दोन केल्या, शिवाय कॅल्शियम आहेच. खरं सांगते, मी सगळ्या गोळ्या रात्री जेवण झालं की दुधाबरोबर एकदमच गिळून टाकते, नाहीतर विसरायला होतं. पोट साफ होत नाही, शी काळीकुट्ट होते, सासूबाई म्हणतात गोळ्यांनी बाळ काळं होईल. त्यात नवऱ्याने ऑनलाइन मल्टिव्हिटॅमिनचा डबा मागवलाय. काय घेऊ आणि काय सोडू?

सांगलीची_ताई
अगं दुधाबरोबर आयर्न म्हणजे निम्मी गोळी वायाच! मी पण सातव्या महिन्यापर्यंत हेच करत होते, एचबी हलतच नव्हतं. कॅल्शियम आणि आयर्न भांडतात, दोघांत निदान दोन तासांचं अंतर ठेव. कॅल्शियम जेवणाबरोबर, आयर्न रिकाम्या पोटी लिंबूपाण्यासोबत, आणि चहा त्याच्या आधी-नंतर तासभर तरी नको. मळमळलं तर थोडं खाऊन घे, पण बंद करू नकोस. शी काळी होणारच, न शोषलेलं लोह बाहेर पडतं, घाबरू नको. पोटासाठी मी रात्री भिजवलेले मनुके खायचे, पाणीही भरपूर प्यायचे.

वाडीवरची_सिस्टर
मी उपकेंद्रात एएनएम, म्हणजे नर्स आहे. सरकारी लाल गोळीत 60 मिग्रॅ लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. तीन महिने संपले की रोज एक, 180 दिवस, आणि बाळंतपणानंतर परत 180 दिवस. एचबी 11 च्या खाली असलं की दोन देतो, म्हणजे तुमच्या डॉक्टरांनी बरोबरच केलंय. महिन्याने परत तपासा, एक पॉइंटही वाढला नाही तर मग शिरेतून लोह द्यायचं की काय ते डॉक्टर बघतील. बाहेरची गोळी असेल तर पाकिटावर 'एलिमेंटल आयर्न' म्हणजे प्रत्यक्ष लोह किती ते वाचा, वरचा मोठा आकडा लोहाच्या अख्ख्या क्षाराचा (संयुगाचा) असतो, त्यावर जाऊ नका. आणि तो डबा डॉक्टरांना दाखवल्याशिवाय उघडू नका. त्यात रेटिनॉल म्हणजे व्हिटॅमिन ए असेल आणि ते जास्त झालं तर बाळाला घातक, सगळ्यात जास्त धोका पहिल्या तीन महिन्यांत.

खडूस_मावशी
गोळीने बाळ काळं होत असतं तर नऊ महिने केशर प्यायलेल्या आमच्या जाऊबाईंचं दुधासारखं व्हायला हवं होतं 😄 झालंय अगदी आजोबांवर गेलेलं. सासूबाईंना वाद नको घालू, पुढच्या तपासणीला बरोबरच घेऊन जा, मॅडमच सांगतील.

पहिलटकरीण_22
आत्ता डबा वाचला, व्हिटॅमिन ए आहेच!! फोटो मॅडमना पाठवलाय. आजपासून एक आयर्न सकाळी अकराला, दुसरी संध्याकाळी पाचला, कॅल्शियम दोन्ही जेवणांबरोबर, मोबाईलला चार अलार्म लावलेत. पाचचा चहा तेवढा साडेसहाला ढकलायचा, तो जाम जड जाणार.