हातातून सोडलं की विमान डाव्या अंगावर पडतंय, मदत हवी आहे

लेथवाला:
नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरचा, उद्यमनगरात लेथवर काम करतो. हाताला बारीक कामाची सवय आहे, पण विमान उडवण्यात अगदी नवखा. पुतण्या नववीत आहे. त्याच्या हट्टापायी आम्ही दोघांनी सुट्टीत रिमोटवर उडणारं एक हाय-विंग ट्रेनर (पंख वर असलेलं, शिकाऊ लोकांसाठीचं मॉडेल विमान) बांधलं आणि आता त्याच्यापेक्षा मलाच जास्त नाद लागलाय.

विमान कोरोप्लास्टचं (पोकळ प्लास्टिक शीटचं) आहे. पंख १२०० मिमी लांब, २०० मिमी रुंद. मोटर १००० केव्ही (म्हणजे दर व्होल्टला मिनिटाला १००० फेरे), प्रॉप (पुढचा पंखा) १०×४.५ इंची, मोटरचा वेग सांभाळणारा ईएससी ३० अँपिअरचा, पंख-शेपटीच्या पट्ट्या हलवणारे ९ ग्रॅमचे चार सर्व्हो, लिपो बॅटरी ३ सेल २२०० एमएएच. बॅटरीसकट वजन ९८० ग्रॅम. रिमोट सहा चॅनलचा, २.४ गिगाहर्ट्झ.

पहिल्या दिवशी विमान खरंच उडलं. केर्लीच्या पुढं मामांचं रान आहे, ऊस तुटून गेल्यानं मोकळं झालंय. तिथं तीन मिनिटं छान घिरट्या घेतल्या. मग ते आमच्याकडं तोंड करून आलं आणि माझा डावा-उजवा उलटा झाला. थेट शेजारच्या उभ्या उसात. तासभर शोधलं, पानांनी हात कापले. नाक चेपलं होतं, शेपूट मुळातून तुटली होती.

दुरुस्ती मन लावून केली. शेपटीला बांबूच्या काड्या, भरपूर गरम गोंद आणि वरून टेप. त्यानंतर तीनदा सोडलं आणि तिन्ही वेळा तेच झालं. नाक जरा वर उठतं, डावा पंख खाली जातो आणि विमान जमिनीत. मी रिमोटची काठी पूर्ण उजवीकडं दाबून धरतो, काही उपयोग होत नाही. पुतण्या फेकतो, थ्रॉटल (मोटरचा जोर) पूर्ण असतं. विमानातला रिसीव्हर (रिमोटचे सिग्नल घेणारा) खराब असेल म्हणून नवा घेतला, तरी तेच. सर्व्हो बरोबर दिशेनं हलतात. मोटर वाकडी बसली असेल का? पोराचा चेहरा बघवत नाही हो. कुणी जाणकार असेल तर सांगा.

सातारी घार:
आधी दोन गोष्टी सांगा. सीजी (विमानाचा तोलबिंदू) पंखाच्या पुढच्या कडेपासून किती मिमीवर आहे? पंखाखाली दोन बोटं लावून उचला, विमान आडवं तोललं जाईल ती जागा मोजा. बॅटरी लावूनच मोजायचं. आणि दुरुस्तीनंतर बॅटरी पहिल्याच जागी आहे का?

लेथवाला:
आत्ताच मोजलं. ७२ मिमी. नाक चेपल्यामुळं बॅटरी पुढं बसत नव्हती, म्हणून ६ सेमी मागं सरकवली. बांधताना मोजल्याचं आठवत नाही.

सातारी घार:
मग उत्तर सापडलं. रिसीव्हरचे पैसे उगाच गेले, त्याचं वाईट वाटतं.

अशा सरळ पंखाच्या ट्रेनरला सीजी पंखाच्या रुंदीच्या २५ ते ३० टक्क्यांवर लागतो, म्हणजे तुमच्याकडं ५० ते ६० मिमी. तुमची २२०० ची बॅटरी अंदाजे १८० ग्रॅम असेल. ती ६ सेमी मागं गेली की ९८० ग्रॅमच्या विमानाचा तोल ११ मिमी मागं सरकतो. शेपटीवरच्या काड्या, गोंद, टेप मिळून १५ ग्रॅम धरू, सीजीपासून ५५ सेमी मागं. त्याचे आणखी ८ मिमी. ७२ मधून १९ वजा करा, ५३ राहतात. पहिल्या दिवशी विमान का उडलं ते यातच आलं. दर वेळी पडलं की तुम्ही शेपटीला अजून गोंद लावत असणार, म्हणजे ते दर वेळी जास्तच बिघडत गेलं.

आता डावीकडंच का? शेपूट जड असली की सोडताक्षणी नाक वर जातं, वेग मरतो, पंख स्टॉल होतो, म्हणजे विमानाला उचलून धरत नाही. मागून बघितलं तर प्रॉप घड्याळाच्या काट्यांसारखा फिरतो, त्याची उलटी मुरड विमानाला डावीकडं लोळवते. एवढ्या कमी वेगात एलेरॉनवरून (पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्टीवरून) पुरेशी हवाच वाहत नाही, म्हणून काठी दाबून फरक पडत नाही. उलट स्टॉलच्या बेतात असताना पूर्ण उजवा एलेरॉन दिला की डावीकडचा एलेरॉन खाली येतो आणि डावा पंख अजून लवकर पडतो. मोटर दोन-तीन अंश उजवीकडं आणि तेवढीच खाली झुकलेली असावी. धडकेत माउंट सरळ झाला असेल तर तेही बघा, पण सीजी दुरुस्त केल्याशिवाय दुसऱ्या कशाला हात लावू नका.

नाक नवीन करा आणि बॅटरी जुन्या जागी न्या. शेपटीवरचा गोंद खरवडून काढा. मग मोटर बंद ठेवून, वाढलेल्या गवतावर वाऱ्याच्या तोंडाला, आडवं, भाला फेकल्यासारखं सोडा. वरच्या दिशेनं फेकू नका. सरळ तरंगत गेलं की मगच मोटर. थ्रॉटल तीन-चतुर्थांश पुरे.

विमान समोरून येताना जो पंख खाली जातोय, काठी त्याच बाजूला ढकलायची. मी पहिले सहा महिने हे एवढंच मनात घोकत होतो.

रंकाळ्याचा वारा:
सीजीचं पटलं. मला काळजी वाटते ती पोराच्या हाताची. फेकताना त्याची बोटं प्रॉपच्या मागं हवीत, आणि थ्रॉटल कटचा (मोटर एकदम बंद करणारा) स्विच रिमोटवर आधी लावून घ्या. रिमोट सगळ्यांत आधी चालू, सगळ्यांत शेवटी बंद. विमान पडलं की उसात पळण्याआधी थ्रॉटल शून्य. प्रॉप काढून एकदा रिमोट बंद करून बघा, मोटर थांबली पाहिजे. थांबली नाही तर फेलसेफ (सिग्नल तुटला की मोटर बंद करणारी सोय) लावलेला नाही. प्रॉपला चीर दिसली की तो टाकून द्या, चिकटवू नका.

हरवलेलं विमान शोधायला सोपा उपाय आहे. ते जिथं उसात शिरलं, त्या रेषेत दूरचं झाड किंवा विजेचा खांब पकडायचा आणि त्याच रेषेत आत जायचं.

लेथवाला:
बोटांचं लक्षात ठेवतो, खरंच आभार. एक विचारायचं होतं. केर्ली लांब पडतं. विद्यापीठाकडची मोकळी जागा घरापासून जवळ आहे, तिथं चालेल का?

रंकाळ्याचा वारा:
तिथं मुळीच नको. उजळाईवाडीचा विमानतळ जवळ आहे आणि प्रवासी विमानं उतरतात. ड्रोन नियम २०२१ मध्ये आपली मॉडेल विमानंही येतात. डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन वेबसाइटच्या नकाशात जागेचा रंग बघा. हिरव्या (परवानगी न लागणाऱ्या) पट्ट्यातही ४०० फूट उंचीपर्यंतच, आणि विमानतळापासून ८ ते १२ किमीच्या पट्ट्यात २०० फूट. विमान कायम डोळ्यांसमोर हवं. केर्लीचं रानही एकदा नकाशात तपासून घ्या.

लेथवाला:
आज सकाळी जाऊन आलो. नाक नव्यानं केलं, सीजी आता ५६. मोटरशिवाय सोडलं तर पंचवीस पावलं सरळ गेलं आणि गवतात पोटावर बसलं. पुतण्या ओरडलाच. मग मोटर लावून दोन मिनिटं उडवलं. थोडा उजवा ट्रिम (रिमोटवरची कायमची बारीक दुरुस्ती) द्यावा लागला. नऊनंतर वारं सुटलं म्हणून थांबलो.

शेवटचा प्रश्न. दुसरी बॅटरी आहे, जी त्या पडझडीत विमानात होती. तिचं पोट जरा फुगलंय, व्होल्टेज मात्र ११.४ दाखवते. वापरू का?

सातारी घार:
नको. चार्जही करू नका आणि घरात ठेवू नका. पत्र्याच्या डब्यात वाळू घालून बाहेर ठेवा आणि ई-कचरा घेणाऱ्याकडं द्या. चांगली बॅटरी सेलमागे ३.५ व्होल्टच्या खाली नेऊ नका, आठवडाभर उडवणार नसाल तर ३.८ वर ठेवा.

लेथवाला:
डबा गच्चीवर नेऊन ठेवला. पुढच्या रविवारी काठी पुतण्याच्या हातात देणार आहे, मी फेकणार.