माँमार्त्रच्या भिंतीतला माणूस अडकला आहे की बाहेर येतो आहे?

प्रश्न :
पॅरिसमध्ये माँमार्त्रच्या टेकडीवर एका दगडी भिंतीतून अर्धवट बाहेर आलेला कांस्यपुतळा नुकताच पाहिला. तो ज्या कथेवर आधारला आहे, ती भिंतींतून आरपार जाऊ शकणाऱ्या माणसाची फ्रेंच लेखक मार्सेल एमे यांची मूळ कथा परतल्यावर अनुवादातून वाचली, तेव्हा एक शंका आली. कथेचा नायक द्युतियेल शेवटी भिंतीच्या आतच थिजतो आणि बाहेर येतो तो फक्त त्याचा आवाज. मग शिल्पकाराने त्याचा चेहरा, हात आणि पाय बाहेर का दाखवले असावेत?

उत्तर १ :
भिंतींतून जाण्याची जी शक्ती घालवण्यासाठी डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या, त्याच गोळ्या द्युतियेल डोकेदुखीवरच्या समजून घेतो आणि प्रेयसीच्या घरून पहाटे परतताना बागेच्या भिंतीत अडकतो. जे दिसतच नाही ते शिल्पात कसे आणणार? म्हणून १९८९ साली जाँ मारे यांनी त्याच्या आदला क्षण निवडला असावा, असे मला वाटते. मारे हे मुळात फ्रान्सचे गाजलेले चित्रपट अभिनेते, त्यामुळे नेमकी कोणती हालचाल थांबवायची याची जाण त्यांना असणारच.

उत्तर २ :
मला हे पूर्णपणे पटत नाही, कारण पुतळ्याचा चेहरा द्युतियेलचा नसून स्वतः एमे यांचा आहे. कथेतल्या कारकुनाला चाप-चष्मा आणि छोटी काळी दाढी आहे; पुतळ्याला दोन्ही नाहीत. एमे याच वस्तीत राहत, १९६७ साली वारले, आणि पुतळा ज्या चौकात आहे त्याला आज त्यांचेच नाव आहे. आपल्या गल्लीत परत येणारा लेखकच मला तिथे दिसतो, आणि म्हणून त्याचे बाहेर येणे योग्य वाटते.

उत्तर ३ :
त्याचा पुढे आलेला हात आपण जवळून पाहिलात का? बाकीचा पुतळा काळपट आहे, पण येणारे-जाणारे तो हात धरून ओढत असल्यामुळे तिथला काळसर थर झिजून आतला धातू सोन्यासारखा चकाकतो. कथेच्या अखेरीस चित्रकार जेन पॉल हिवाळ्यातल्या रात्री गिटार घेऊन त्या भिंतीतल्या माणसाची समजूत काढायला जातो. तो परिच्छेद वाचून मी तिथे गेले होते, आणि एक लहान मुलगी दोन्ही हातांनी त्याची बोटे धरून त्याला बाहेर ओढत होती.