सीएनसीवर फुगीर लाकडी अक्षरं : काना शिरोरेघेला भिडतो तिथं टेंगूळ येतंय, काय करू?

राउटरवाला_गोडोली

नमस्कार मंडळी. साताऱ्यात छोटं वर्कशॉप आहे माझं, १३२५ सीएनसी राउटर (कॉम्प्युटरच्या डिझाइनवरनं लाकूड कोरणारं मशीन), ३ किलोवॅटचा स्पिंडल म्हणजे बिट फिरवणारी मोटर, डीएसपी हँडलवर (हातातल्या कंट्रोलवर) चालतो. आत्तापर्यंत एमडीएफच्या जाळ्या, देवघराची दारं, नेमप्लेट असलंच सपाट काम केलं. आता पोवई नाक्याकडच्या एका पेढेवाल्यानं पाटी सांगितलीय. "कंदी पेढे", एवढे दोनच शब्द, पण अक्षरं १० इंची, आणि आत कोरलेली नकोत, वर आलेली, गोलसर, त्याच्या भाषेत "पेढ्यासारखी फुगलेली". मी होय म्हणून ॲडव्हान्सपण घेऊन बसलोय, तो ब्लेड-बिटात गेला.

जुनं आर्टकॅम (कोरीव कामाचं सॉफ्टवेअर) आहे माझ्याकडं. अक्षरं टाकली, गोल शेप दिला, एमडीएफवर ट्रायल मारली. सगळी पाटी मात्रेसकट साधारण ९०० बाय ३५० मिमी. ३ मिमीचा बॉलनोज (गोल टोकाचा बिट), स्टेपओव्हर म्हणजे दोन फेऱ्यांतलं अंतर ०.२५ मिमी, फीड म्हणजे बिटाचा वेग मिनिटाला ३००० मिमी. सात तास लागले, घरनं जेवायला तीनदा फोन आला. आणि सात तासानंतर बघतोय तर (१) काना जिथं शिरोरेघेला मिळतो तिथं टेंगूळ, म्हणजे प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर फोड आल्यासारखं, (२) कडेला पायऱ्या, पेपरनं घासून जाईनात, (३) शिरोरेघ बसकी आणि काना उंच, दोन वेगळ्या पाट्या जोडल्यागत.

फायनल लाकडात करायचंय. लाकूड कुठलं घेऊ तेपण सांगा. पुढच्या रविवारी लावायचीय.

कुपवाड_एमआयडीसी

भावा सात तास कशाला. १० इंची अक्षराची काडी, म्हणजे रेघेची जाडी, ४० मिमीच्या आसपास असणार, त्याला ३ मिमीचा बॉल म्हणजे अंगण चहाच्या चमच्यानं लोटण्यातला प्रकार झाला. हिशोब बघ, ३५० ला ०.२५ नं भाग, १४०० फेऱ्या, प्रत्येक ९०० मिमीची, फीड ३००० म्हणजे ४२० मिनिटं. मशीननं तुझं ऐकलं, चूक मशीनची नाही.

१२ मिमीचा बॉल लाव (बिट धरणारं कोलेट ईआर२० असेल तर बसतो), स्टेपओव्हर १ मिमी. दोन फेऱ्यांच्या मधे जी बारीक सरी राहते तिची उंची काढायचं सोपं सूत्र आहे, स्टेपओव्हरचा वर्ग भागिले बॉलच्या त्रिज्येची आठपट. १ चा वर्ग १, भागिले ४८, म्हणजे ०.०२ मिमी, १८० च्या पेपरला दोन हातात गेली. वेळ पावणेदोन तास. त्याच्या आधी ६ मिमीच्या एंडमिलनं (सपाट टोकाच्या बिटानं) रफिंग, म्हणजे जादा माल काढून घे, वर अर्धा-एक मिमी माल ठेव, नाहीतर बॉलवर सगळा भार येतो. आणि मग तो बॉल जिथं पोचत नाही त्या बेचक्यात फक्त ३ मिमीचा फिरव. बाउंड्री, म्हणजे बिट फिरायची हद्द, अक्षरापुरती दे, बिटाच्या त्रिज्येपेक्षा थोडी जास्त बाहेर, अख्ख्या चौकोनावर हवेत कशाला फिरवायचं.

पायऱ्यांचं कारण वेगळंय. तू पूर्ण अर्धगोल दिला असशील. अर्धगोल कडेला सरळ उभा होतो, वरनं बघितलं तर फेऱ्या सारख्या अंतरावर पण उभ्या भिंतीवर तेच अंतर ताणलं जातं, म्हणून पायरी. स्टेपओव्हर कितीबी कमी कर, कडेला दिसणारच. उपाय म्हणजे फुगवटा कमी कर. ४० च्या काडीला २० उंची नको, १० दे. कडेला उतार ५३ अंशाच्या आसपास येतो, पायरी राहत नाही. उरलेली जाडी खाली सरळ भिंत म्हणून ठेव, ८ मिमी वगैरे, आणि ती शेवटी एंडमिलनं प्रोफाइल कटमधे (अक्षराच्या कडेकडेनं आरपार) काप. समोरनं बघणाऱ्याला १० चाच फुगवटा भरपूर वाटतो, खालची सरळ भिंत सावली पाडते. आणि रास्टर, म्हणजे बिटाच्या समांतर फेऱ्या, ४५ अंशात फिरव, आडवा मारलास तर शिरोरेघेच्या कडा खराब येतात आणि उभा मारलास तर कान्याच्या.

टेंगळाचं म्हणशील तर अक्षरं वेल्ड केली नसशील, म्हणजे सगळ्यांची मिळून एकच बाह्यरेषा केली नसशील. सगळी एकत्र वेल्ड कर, जाईल.

अक्षरजुळणी_सांगली

कुपवाडवाल्या दादांचं बाकी सगळं पटलं पण शेवटचं नाही. वेल्ड केलं तरी टेंगूळ येणार, उलट त्यानंच येणार.

कारण गोल शेप देताना सॉफ्टवेअर काय बघतं, तर कुठल्याही जागेपासून जवळची कड किती लांब आहे. जितकी लांब तितकी उंची. सरळ काडीत ते अंतर सगळीकडं सारखं. पण काना शिरोरेघेला मिळतो तिथं टी होतो, त्या टीच्या पोटात कड लांब जाते, झालं टेंगूळ. शिरोरेघ बसकी दिसते तेपण ह्याचमुळं, बहुतेक फॉन्टात ती कान्यापेक्षा बारीक असते, बारीक म्हणजे उंची कमी. रोमनमधे हे एवढं जाणवत नाही, आपल्याकडं प्रत्येक अक्षर वरनं दोरीला बांधलेलं, त्यामुळं दर दोन इंचाला एक सांधा.

मी असं करतो. शब्द कोरल नाहीतर इंकस्केपमधे (चित्रं काढायची सॉफ्टवेअर) युनिकोडात टाईप करून कर्व्ह, म्हणजे बाह्यरेषा (वेक्टर) करतो, थेट कार्व्हिंगच्या सॉफ्टवेअरमधे मराठी टाईप करत नाही, माझ्याकडं तिथं रफार आणि जोडाक्षरं सुटी होऊन पडतात. मग शिरोरेघ अक्षरांपासनं कापून वेगळी करतो, पूर्ण शब्दाची एकच लांब पट्टी. खालची अक्षरं वेगळी, त्यांची वरची टोकं मात्र शिरोरेघेच्या आत अर्ध्यापर्यंत घुसलेली ठेवायची. मात्रा, वेलांटी पण वेगळी. आता प्रत्येकाला गोल शेप दे आणि उंची प्रत्येकाला ठरवून दे, सगळ्यांना १०. आणि एकत्र करताना ॲड नाही, मर्ज हाय. ॲड केलंस तर जिथं एकावर एक येतं तिथं दोन्ही उंच्या मिळवतं, १० चे २० होतात. मर्ज हाय मधे जे वर असेल तेवढंच राहतं, दोन ओंडके एकमेकांत शिरल्यासारखा स्वच्छ सांधा येतो. ॲस्पायर ह्या दुसऱ्या सॉफ्टवेअरमधे पण हेच, तिथं नुसतं मर्ज लिहिलंय. ढ च्या पोटातल्या गाठीला पण हेच कर, ती गाठ एका वेक्टरमधे फुगवली की बटाटा होतो.

फॉन्ट बदलता आला तर बालू बघा, एक टाइपवाल्यांचा आहे, फुकट मिळतो, टोकं मुळातच गोल आणि काडी जाड. पाटीला जाड-बारीक फार असलेला फॉन्ट फुगवायच्या भानगडीत पडू नका.

(जाता जाता, २०१८ ला ऑटोडेस्कनं आर्टकॅम विकायचं बंद केलंय, तुमचं कुठनं आलंय ते मी विचारत नाही.)

रंधा_आणि_पटाशी

मी सुतार, वय झालं, मशीन पोराची. लाकडाचं मी सांगतो.

एमडीएफ बाहेर लावू नका, साताऱ्याचा पाऊस एका जुलैत त्याचा भाकरीसारखा पापुद्रा काढतो. साग घ्या नाहीतर शिवण. शिवण कोरायला लोण्यासारखी, सागात बिटाची धार लवकर जाते पण बाहेर टिकायला साग तो साग. १४ इंच रुंद फळी मिळाली तरी घेऊ नका, वाकणार. चार-चार इंचाच्या पट्ट्या जोडा, पट्टीच्या टोकाला दिसणारी वर्षवलयं एक वर एक खाली असे आलटून पालटून, आणि वॉटरप्रूफ फेविकॉलनं क्लॅम्पमधे रात्रभर.

लाकडाच्या रेषा आडव्या ठेवा, शिरोरेघेच्या दिशेनं. शिरोरेघ हाच सगळ्या शब्दाचा कणा, तिच्यात उभी रेषा आली की पाटी उचलताना मधनं कडाक. आता आडवी ठेवली की तुमचे काने आडव्या रेषेचे होतात, ते तेवढे जाड आहेत म्हणून चालतं, पण पेढेच्या मात्रा बारीक आणि तिरक्या, त्या सुटणार. दोन्ही मात्रांचं मूळ फॉन्टमधे आहे त्यापेक्षा थोडं जाड करून घ्या, कुणाला कळत नाही.

आणि अनुस्वार! कंदीचा टिंब कुणालाच चिकटलेला नाही. प्रोफाइल कट आरपार झाला की तो सुटतो आणि बिट त्याला गोळीसारखा मारतं. आमच्या पोराचा एक टिंब शेडच्या पत्र्याला लागून खाली भुशात गेला, अख्खं पोतं चाळलं. खालनं स्क्रू मारून ठेवा नाहीतर तळाला अर्धा मिमी कातडी ठेवा, नंतर पटाशीनं काढा.

लावताना मागं मरिन प्लाय, अक्षर आणि प्लायमधे बोटभर फट, पाणी खाली निथळलं पाहिजे. भोकं थोडी उभट ठेवा, पावसाळ्यात लाकूड आडव्या अंगानं एखाद-दोन मिमी फुगतं. मागची बाजूपण पॉलिश करा, न दिसणारी बाजू कोरी ठेवली की पाणी तिथनंच शिरतं.

मिरज_पूर्व

वेळ नसंल तर राउंडिंग बिट लावून नुसत्या कडा गोल मारा की, १० मिमी त्रिज्येचा, तासाभरात काम. थ्रीडी सॉफ्टवेअरपण लागत नाही.

अक्षरजुळणी_सांगली

@मिरज_पूर्व वरचा भाग सपाट राहणार की मग. गिऱ्हाइकानं पेढा मागितलाय, ही वडी झाली 😀 शिवाय क आणि ढ च्या पोटात तो बिट शिरतच नाही, बाहेरच्या कडा गोल आणि आतल्या धारदार राहतात.

मिरज_पूर्व

बरं वडी तर वडी. पण घासायचं मीच सांगतो, आमच्या गल्लीत तंबोरे होतात, गोल अंगावरचं काम लहानपणापासनं बघतोय. ठोकळ्याला पेपर गुंडाळून घासू नका, गोलाईवर सपाट पट्टे पडतात. कापडी एमरीची दोन बोटं रुंद पट्टी काढायची आणि बूट पुसतात तशी दोन्ही हातानं ओढायची. आधी १२० मग १८०. सांध्यात पेन्सिलीला गुंडाळून. माथ्यावर लाकूड केसाळ येईल, बॉलचं टोक मधोमध फिरतच नाही ना, तिथं कापत नाही नुसतं रगडतं. एक हात सीलर मारा, केस कडक होतात, मग २२० नं कापा.

राउटरवाला_गोडोली

रविवार गेला, पाटी लागली. आधी सांगतो, काका, टिंब उडाला. कंदीला स्क्रू मारायचा म्हणून ध्यानात ठेवलं होतं आणि त्याच वेळी लाईट गेली, आली तेव्हा झेड (बिटाची उंची) परत झिरो करण्याच्या नादात स्क्रू राहिला. भुशात सापडला पण एका बाजूनं बिटानं खाल्लेला, खाल्लेल्या चंद्रासारखा. दुसरा केला, ११ मिनिटं. तोवर पेढेवाला बघायला आला आणि "कदी पेढे" वाचून म्हणतो, कधी म्हंजे, रविवारी म्हणालावता की.

वेल्ड आणि मर्ज हाय दोन्ही करून बघितलं एकेका अक्षरावर, अक्षरजुळणीवाल्यांचंच खरं निघालं. सांध्यात आता बोट फिरवलं तरी अडत नाही. फक्त ढ ची गाठ मी वेगळी करायला विसरलो होतो, बटाटाच झाला, तो कानशीनं उतरवला. फिनिशिंगला सव्वादोन तास लागले, पावणेदोन नाही, मशीन चढउताराला हळू होतं त्यात गेले. साग घेतला. दुकानाचं नाव इंग्रजीत वर लावायचं म्हणत होता, म्हटलं मराठी अक्षर इंग्रजीपेक्षा लहान चालत नाही, २०२२ पासनं छोट्या दुकानांनापण लागू आहे, मग इंग्रजी सोडूनच दिलं त्यानं.

आता शेवटचं. रेट कसा लावू? फ्लेक्सवाले ॲक्रिलिकची अक्षरं इंचावर आणि नगावर देतात. इथं नग किती धरायचे, कंदी पेढे म्हणजे चार, का काना-मात्रा धरून आठ-नऊ?

कुपवाड_एमआयडीसी

नग सोड, मशीनचा तास अधिक लाकूड अधिक हातकाम असंच लाव. मराठीत नग मोजायला बसलास तर गिऱ्हाईक म्हणंल सगळं शिरोरेघेला जोडलंय, एकच नग.

रंधा_आणि_पटाशी

टिंब मात्र वेगळा धरा. दोन केलेत, दोन्हीचे लावा.