टँकरवर जायचंय, हॅझार्डसच्या पेपरची तयारी कशी करू?

सिन्नरचा_दहाचाकी

राम राम मंडळी. सिन्नर एमआयडीसीतून माल भरून भिवंडी, सुरत लाइन करतो. हेवी लायसन्स आहे, घाटाची सवय आहे. मनमाडजवळ पानेवाडीच्या डेपोतून पेट्रोल-डिझेल उचलणाऱ्या एका मालकाकडे जागा आहे. तो म्हणतो, लायसन्सवर हॅझार्डसची, म्हणजे धोकादायक मालाची, नोंद करून आण, मग पगाराचं बोलू. तीन दिवसांचा कोर्स आणि शेवटी पेपर.

गाडीची भीती नाही, पेपरची आहे. दहावीनंतर पेन धरलं ते बिल्टीवर सही करायलाच. एकाने व्हॉट्सअॅपवर प्रश्नांची पीडीएफ टाकलीय. त्यात युएन नंबर, हॅझकेम, ट्रेमकार्ड, सगळं इंग्रजी. वाचता येतं, पण हळू. हीच पाठ करू का?

दुसरं, मेहुणा संगमनेरहून दुधाचा टँकर चालवतो. त्याचं म्हणणं, टँकरमध्ये खरी गोम अर्ध्या भरलेल्या टाकीची असते, आणि ते या कोर्सात कोणी धड शिकवत नाही. खरंय का?

बिनधास्त_ट्रान्सपोर्ट

एवढं कशाला डोकं खातो भाऊ. ओळख काढ, सर्टिफिकेट घरपोच मिळतं.

पानेवाडीचे_काका

वरच्या साहेबांनी स्वतःच्या गाडीत साखर भरावी, पेट्रोल भरू नये.

सिन्नरकर, तू नीट विचारलंस म्हणून नीट सांगतो. पानेवाडीतून टँकर चालवण्यात माझं आयुष्य गेलं, आता गुडघ्यांमुळे घरी आहे. मालकाची नवीन पोरं पेपरच्या आधी माझ्या ओट्यावर येऊन बसतात.

पीडीएफ पाठ करू नकोस. पाठ केलेलं उत्तर प्रश्न जरा फिरवला की पळून जातं. कोर्सचा अभ्यासक्रम केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये ठरवून दिलाय आणि त्याचे भाग तीन. पहिला सुरक्षित ड्रायव्हिंगचा. दुसऱ्यात गाडी काढण्याआधी काय बघायचं, चालवताना काय, थांबताना काय, थांबल्यावर काय, रात्री काय. दहाचाकीवाल्याला हे अंगवळणी पडलेलं असतं, एकदा वाचून ठेव आणि सोड. मार्क जातात ते तिसऱ्या भागात, म्हणजे मालाच्या माहितीत. आणि तो अख्खा भाग टँकरच्या पाठीवर लिहिलेला असतो.

डेपोबाहेर लाइनीत उभ्या गाड्यांपाशी जा. पेट्रोलच्या टँकरवर बोर्ड दिसेल: वर ३वायई, खाली १२०३, बाजूला ज्वाळेचं तांबडं चौकोनी चिन्ह, खाली फोन नंबर. १२०३ हा पेट्रोलचा युएन नंबर, जगात कुठेही तोच. डिझेलचा १२०२, एलपीजीचा १०७५, अमोनियाचा १००५, क्लोरीनचा १०१७. एवढे पाच आधी कर.

वरचा कोड म्हणजे हॅझकेम. तो आग विझवणाऱ्यासाठी आहे, पण पेपरात तुलाच विचारतात. पहिला आकडा म्हणजे काय मारायचं: १ म्हणजे पाण्याचा जाड फवारा, २ बारीक तुषार, ३ फोम, ४ कोरडी पावडर किंवा तसलं, पाणी अजिबात नाही. मग अक्षर. पी, आर, एस, टी असेल तर सांडलेला माल भरपूर पाण्याने पातळ करायचा. डब्ल्यू, एक्स, वाय, झेड असेल तर अडवून धरायचा, गटारात जाऊ द्यायचा नाही. त्या अक्षरातच पुढे भडका उडू शकतो का आणि अंगात मालापासून वाचवणारा सूट लागेल की तोंडाला श्वासाचं यंत्र, तेही दडलेलं असतं. शेवटी ई असेल तर आजूबाजूची वस्ती हलवायचा विचार करायचा. आता ३वायई वाच: फोम मारा, भडकू शकतं, श्वासाचं यंत्र लावा, माल अडवा, माणसं हलवा. तीन अक्षरांच्या जागेत अख्खा प्रसंग आला. इंग्रजी हळू वाचतोस ते चालेल. नियमात एक भारतीय भाषा आणि इंग्रजी लिहिता-वाचता यायला हवी असं आहे, आणि ते या बोर्डासाठीच आहे असं मी धरून चालतो.

आता हमखास विचारतात ते: भरलेला टँकर जास्त धोक्याचा की रिकामा? पोरं "भरलेला" म्हणून मोकळी होतात. पेट्रोल जळत नाही, त्याची वाफ जळते. हवेत साधारण दीड ते साडेसात टक्के वाफ असली की ठिणगी पुरते. भरलेल्या कप्प्यात वाफेला हवा मिळत नाही, रिकाम्यात दोन्ही असतात. म्हणून "रिकामाच आहे की" म्हणत वेल्डिंगला नेलेला टँकर माणसं खातो. ही वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड, म्हणून वर न जाता जमिनीलगत सरपटते आणि गटारात, खड्ड्यात साचते. एलपीजी गॅसचंही तसंच. २० डिसेंबर २०२४ ला जयपूर-अजमेर रस्त्यावर भांकरोट्याला एलपीजीच्या टँकरला धडक बसून व्हॉल्व्ह तुटला. गॅस आधी रस्त्यावर पसरला आणि मग पेटला, त्यात रस्त्यावरच्या इतर गाड्याही सापडल्या. व्हॉल्व्ह कुठे असतात आणि तातडीने बंद कसे होतात, हा अभ्यासक्रमातला विषय आहे. कोर्सात कोणी दाखवला नाही तर हात वर करून विचार.

भरताना-उतरवताना: इंजिन बंद, मेन स्विच बंद, चाकाला ओट म्हणजे गाडी सरकू नये म्हणून ठोकळा, मग अर्थिंग, म्हणजे टाकीवरची स्थिर वीज जमिनीत सोडणारी तार. अर्थिंगचा चिमटा पाइप जोडायच्या आधी लावायचा आणि पाइप सोडल्यावर सगळ्यात शेवटी काढायचा, हे पेपरात येतं. पेपरात येत नाही ते सांगतो. चिमटा रंगावर लावला तर लावून न लावल्यासारखा. टाकीला त्यासाठी उघड्या धातूचा ठोकळा असतो. त्यावर पेंटरने रंग फासलेला असेल तर खरवडून आतला चकाकता धातू दिसेपर्यंत घास, मग चिमट्याचे दात त्यात रुतव.

ट्रेमकार्ड, म्हणजे माल सांडला-पेटला तर काय करायचं ते लिहिलेलं कार्ड, केबिनमध्ये हाताशी. सीटखाली टूलबॉक्समध्ये नको, कारण तू बेशुद्ध असलास तर दुसऱ्याला ते सापडलं पाहिजे. आणि कार्ड फक्त आज भरलेल्या मालाचं. काल डिझेल, आज पेट्रोल, आणि दोन्ही कार्डं डॅशबोर्डवर, असं असलं की फायर ब्रिगेडवाल्याने कुठलं खरं मानायचं?

सांडलं तर: गाडी बंद, वारा कुठून येतोय ते बघ आणि वाऱ्याच्या वरच्या बाजूला जा. लोकांना लांब कर, बिडीवाल्यांना आधी. मग वाळू-मातीचा बांध. अभ्यासक्रमात विहीर, नदी, तलाव वाचवणं असा वेगळा मुद्दा आहे, पोरं तो हसण्यावारी नेतात. जून २०२३ मध्ये पुणे एक्स्प्रेसवेवर कुणे गावाच्या पुलावर टँकर उलटून पेटला तेव्हा जळतं रसायन खालच्या रस्त्यावर पडलं आणि खालून जाणारी माणसं गेली. माल वाहत कुठे जाणार, हे आधी बघायचं ते यासाठी. त्यानंतर फोन: ११२, मालक, माल पाठवणारा. जवळच्या पोलीस ठाण्याला कळवणं ही नियमाने ड्रायव्हरचीच जबाबदारी आहे, क्लिनरवर टाकू नकोस.

अकोल्याचा_दूधवाला

काकांनी मेहुण्याचं राहूच दिलं. मेहुणा बरोबर बोलतोय. पेट्रोलच्या टाकीला कप्पे असतात, आत आडव्या जाळ्या, म्हणजे भोकं असलेल्या पत्र्याच्या भिंती, असतात, त्यामुळे माल पुढेमागे कमी पळतो. दुधाची टाकी आतून गुळगुळीत, कारण जाळीच्या कोपऱ्यात दूध अडकलं की धुता येत नाही, नासतं. अशी टाकी अर्धी भरून ब्रेक मारलास की गाडी थांबते आणि मग दूध येऊन पाठीत ढकलतं. ओल्या रस्त्यावर सिग्नलला उभी गाडी चौकात सरकलेली मी पाहिलीय. म्हणून ब्रेक लवकर आणि हळू, आणि धक्का येऊन जाईपर्यंत पाय काढायचा नाही.

जाळ्या मालाला पुढेमागे अडवतात, डावी-उजवीकडे नाही. वळणावर त्यांचा काही उपयोग नाही. टाकी उंच, वजन वर. वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात ब्रेकला पाय नको. पाटीवर ४० लिहिलं तर ते कारसाठी समज, आपण त्याच्या खालीच. तुझ्या लाइनला पहिल्या पंपावर एक-दोन कप्पे उतरले की पुढचा रस्ता वेगळ्याच वजनाने कापायचा आहे. कुठला कप्पा आधी रिकामा करायचा, ते पहिल्या दिवशीच जुन्या ड्रायव्हरला विचार.

सातारकर_टेक्सासहून

मी इकडे ट्रक चालवतो म्हणून भर घालतो. अमेरिकेत परवाना मालावर अन् टाकीवर वेगवेगळा लागतो. टाकीच्या नोंदीला 'एन' म्हणतात, त्याचा वीस प्रश्नांचा पेपर, ८० टक्के हवेत. दूध असो वा पाणी, ११९ गॅलनपेक्षा मोठ्या टाक्या आणि सगळ्या मिळून १००० गॅलनची क्षमता झाली की 'एन' लागतो. साध्या ट्रेलरवर प्लास्टिकचे मोठे चौकोनी पिंप रचले तरी! त्या पेपरात अकोलेकर म्हणाले तेच सगळं आहे: लाट, जाळ्या, वळण, टाकीत वर जागा किती ठेवायची. धोकादायक मालाचा 'एच' वेगळा, त्याला बोटांचे ठसे देऊन सरकारी तपासणी. दोन्ही मिळून 'एक्स'.

अकोल्याचा_दूधवाला

म्हणजे आमच्यासारख्याला तिकडे पेपर द्यावा लागला असता. इथे दूध हॅझार्डस नाही, म्हणून टाकीबद्दल आम्हाला कोणी एक अक्षर विचारलं नाही. जे शिकलो ते उस्तादाच्या शिव्या खाऊन.

सिन्नरचा_दहाचाकी

काका, आज गेलो होतो. डेपोचे बोर्ड सगळे सारखेच, पण येवला रोडच्या ढाब्यावर एक वेगळा मिळाला. २पी, १८३०, चिन्हात हातावर थेंब पडतोय, वर्ग ८. ड्रायव्हर झोपला होता, विचारलं नाही. मी असं लावलं: बारीक तुषार, सूट लागेल, पाण्याने पातळ करा, ई नाही म्हणजे वस्ती हलवायची नाही. बरोबर?

आणि हे सर्टिफिकेट दरवर्षी काढावं लागतं का?

पानेवाडीचे_काका

१८३० म्हणजे सल्फ्युरिक अॅसिड. बाकी बरोबर, दोन ठिकाणी कच्चं आहे. पी मध्ये भडका किंवा जोरदार उसळी पण धरलेली असते, ते तू सोडलंस. अॅसिडवर तांब्याभर पाणी टाकलं तर तेच उडून अंगावर येतं. पातळ करायचं ते बंबाच्या पाण्याने, लांबून, सूट घातलेल्या माणसाने. आणि ई नाही म्हणजे वस्ती हलवणं कोडमध्ये सांगितलेलं नाही इतकंच. लोकांना लांब ठेवायचंच.

दरवर्षीचं जुनं झालं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर हॅझार्डसची मुदत तीन वर्षं आहे, नूतनीकरणाला एक दिवसाचा रिफ्रेशर. तारीख मोबाइलमध्ये टाकून ठेव, मालक आठवण करत नाही.

आता १००५ आणि १०१७ चे कोड शोधून असेच फोडून इथे टाक. अमोनियाच्या गाड्या तुला मुंबईकडे दिसतील.