विरघळणाऱ्या प्लेटचे स्क्रू घट्ट करतानाच मोडतात, चुकतंय कुठे?

रेसिडेंट, मेडिकल चौक, नागपूर:
गालाच्या हाडाच्या फ्रॅक्चरला पॉलिलॅक्टिक-पॉलिग्लायकोलिकची प्लेट, स्क्रू 2.0 मिमी. ड्रिल, टॅप (भोकात आटे पाडणं) सगळं व्यवस्थित, तरी शेवटच्या अर्ध्या वळशात स्क्रूचं डोकं मोडतं. इन्फ्राऑर्बिटल रिमवर (डोळ्याच्या खोबणीची खालची कड) प्लेटही थोडी उचललेली राहते. वरून नातेवाईक सीटी बघून विचारतात, "प्लेट टाकली कुठे?"

हाडवैद्य_वर्धा रोड:
बहुतेक वेळा घोळ टॅपमध्येच असतो. टायटॅनियमचा स्क्रू स्वतःच आटे पाडत जातो, हा नाही. टॅप ड्रिलच्याच कोनात सरळ न्या, दोन वळसे पुढे, अर्धा मागे, म्हणजे हाडाचा चुरा बाहेर येतो. चुरा आत राहिला की स्क्रू अडतो आणि पीळ मानेवर येतो. शेवटी स्क्रूड्रायव्हर दोनच बोटांत धरा. मोडला तरी चिंता नको: त्याच्यावरूनच पुन्हा ड्रिल आणि टॅप करता येतं. टायटॅनियममध्ये ही सोय नाही! आटे गेले असतील तर 2.5 मिमीचा इमर्जन्सी स्क्रू.

प्लास्टिक_सर्जरी_धरमपेठ:
प्लेट उचलते कारण ती थंड झाल्यावर वाकवली जाते. गरम पाण्यातून काढल्यावर हातात जेमतेम काही सेकंद असतात. आधी टेम्प्लेट (आकार घ्यायचा नमुना) रिमवर नीट वाकवून घ्या, मग प्लेट गरम करून त्या आकारात दाबून धरा. तापमान कंपनीच्या पत्रकाप्रमाणेच ठेवा, दुसऱ्या कंपनीचं चालत नाही. कातरायचीही गरम असतानाच, थंड प्लेट तडकते.

आणि नागपूरकरांनो, साठा सांभाळा. ही पॉलिमरं 50-60 अंशांच्या आसपास मऊ पडतात. नवतप्यात उन्हात उभ्या बंद गाडीच्या डिकीत पाकीट राहिलं तर प्लेट वापरण्याआधीच वाकडी. फॉइल फुटलेलं असेल तर ओलाव्याने विघटन सुरू झालेलं असतं, असं पाकीट सरळ बाद.

हाडवैद्य_वर्धा रोड:
सीटीचं म्हणाल तर पॉलिमर त्यात उठून दिसत नाही, दिसतात ती फक्त ड्रिलची भोकं. रिम आणि बट्रेसची (गालाचं हाड वरच्या जबड्याला टेकतं तो आधार) हाडं जुळलीत का ते बघा, आणि डिस्चार्ज कार्डावर प्लेटचा प्रकार ठळक लिहा. पॉलिलॅक्टिक-पॉलिग्लायकोलिकचा 82:18 कोपॉलिमर साधारण वर्षभरात जातो, पण निव्वळ पॉलि-एल-लॅक्टिकला तीन-साडेतीन वर्षांनीही सूज आल्याची नोंद आहे. कार्ड नसेल तर पुढचा डॉक्टर ती गाठ समजेल.

मॅक्सिलो_सदर:
खालच्या जबड्यात मात्र या प्लेटच्या भरवशावर राहू नका. चावण्याचा ताण तिला पेलत नाही. एक-दोन आठवडे वरचा-खालचा जबडा बांधून ठेवा, मग सहा आठवड्यांपर्यंत मऊ खाणं. तर्री-पोहे मागतील, पोहे भिजवून द्या, तर्रीतले चणे काढून. मुलांमध्ये प्लेट काढण्याचं दुसरं ऑपरेशन वाचतं, हे खरं. पण दातांचे अंकुर प्लेटने नव्हे, ड्रिलने आणि टॅपने दुखावतात. तेव्हा खालच्या कडेजवळ, एकाच कॉर्टेक्सपुरतं (हाडाच्या बाहेरच्या कठीण थरापुरतं) भोक पाडा.

रेसिडेंट, मेडिकल चौक, नागपूर:
टॅप सरळ आतच नेत होतो, मागे कधी फिरवला नाही. टेम्प्लेट तर किटमध्ये न वापरता पडून होतं.