‘एपिजेनेटिक बदल’ : अपुऱ्या दिवसांच्या बाळाबद्दल लिहिताना कोणता शब्द?

प्रश्न (वडोदरा)
दांडिया बाजारातल्या आमच्या महिला मंडळासाठी अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर मराठी माहितीपत्रक करते आहे. त्यात ‘मुदतपूर्व जन्माशी निगडित एपिजेनेटिक बदल नाळेच्या रक्तात दिसतात’ असं वाक्य येतं. मंडळातल्या एक काकू ‘जनुकीय बिघाड’ लिही म्हणतात. मला ते टोचतं. आणि इथे घरोघरी गुजरातीतलं ‘अधूरे मासे (अपुऱ्या महिन्यांत) आलेलं’ म्हणतात, ते चालेल का?

उत्तर
ताई, ‘बिघाड’ अजिबात नको. काचेच्या पेटीतल्या बाळाशेजारी बसलेली आई हे वाचणार आहे. शिवाय तो चूकही आहे. डीएनएची अक्षरंच बदलली तर त्याला ‘उत्परिवर्तन’ म्हणतात. इथे अक्षरं जागच्या जागी असतात. सायटोसिन या अक्षरावर मिथाइल नावाचा छोटासा रासायनिक गट चिकटतो किंवा सुटतो, आणि त्यामुळे जवळचं जनुक किती काम करेल ते बदलू शकतं. ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ कॉनराड वॉडिंग्टन यांनी १९४२ साली ‘एपिजेनेटिक्स’ हा इंग्रजी शब्द रूढ केला. ‘एपि’ म्हणजे ‘वर’, म्हणून ‘अधिजनुकीय’ नेमका बसतो. पण पत्रकात एकदा तो देऊन पुढे ‘जनुकांवरच्या खुणा’ लिहा.

आणखी एक वाचक
जुन्या पोथ्यांत नको असलेल्या अक्षरावर हरताळ, म्हणजे पिवळा रंग, लावत. मिथाइलनेही जनुक पुष्कळदा गप्प होतं. ‘हरताळ’ कसा वाटतो?

उत्तर
दादा, शब्द देखणा आहे, पण हरताळ लागायचा तो चुकलेल्या अक्षराला. पुन्हा ‘दोष’ मागच्या दाराने आत येईल. ‘खूण’ कुणावर ठपका ठेवत नाही.

ताई, खरी काळजी ‘निगडित’ची घ्या. त्याजागी ‘मुळे’ लिहू नका. गर्भ वाढतो तशा या खुणा आठवड्यागणिक बदलतच असतात. तिसाव्या आठवड्यात आलेल्या बाळाच्या खुणा चाळिसाव्या आठवड्यातल्या बाळासारख्या नसणारच. नाळेच्या रक्तातल्या पेशींचं प्रमाणही दोघांत वेगळं असतं. त्यामुळे काही फरक लवकर जन्मण्याचा, काही केवळ वयाचा, तर काही ज्या कारणाने प्रसूती लवकर झाली त्याचा असू शकतो. मूल वाढताना यातले बरेच फरक पुसट होतात. तरी ‘तात्पुरते बदल’ असंही लिहू नका. नेदरलँड्समध्ये १९४४-४५च्या हिवाळ्यातल्या दुष्काळात आईच्या पोटात आलेल्या माणसांत वाढीशी संबंधित आयजीएफ२ या जनुकावरचा खुणांचा फरक सहा दशकांनीही सापडला. तो मुदतपूर्व जन्माचा दाखला नव्हे, पण खुणा टिकू शकतात एवढं त्यातून कळतं.

‘अधूरे मासे’ मराठी पत्रकात जरूर घ्या, ‘अपुऱ्या दिवसांचं’च्या शेजारी. बडोदे संस्थानाने १९३१ साली राज्यकारभाराचा बहुभाषी शब्दकोश छापला होता. शब्द निवडताना शेजारच्या गुजरातीकडे बघायची इथली रीत जुनी आहे. ‘सातमाशी’ मात्र टाळा. घरात पस्तिसाव्या आठवड्याच्या बाळालाही तेच म्हणतात.

प्रश्न (वडोदरा)
मग ‘कमी वजनाचं’ लिहिलं तर?

उत्तर
ती वेगळी गोष्ट. ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलं तर मुदतपूर्व. २५०० ग्रॅमच्या आत असेल तर कमी वजनाचं. पूर्ण दिवसांचं बाळही कमी वजनाचं असू शकतं. पत्रकात दोन्ही व्याख्या वेगवेगळ्या ओळींत द्या.